अंतरपाटाचं रील

उन्हाळ्यात दूध तापवायला उशीर केला की नासतं. ट्रेंडचंही तसंच. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला मी हे पहिल्याच भेटीत ऐकवते, आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणतो, "बरोबर हाय ताई, पर पुढच्या आठवड्यात करू." पुढच्या आठवड्यात काय डोंबल करणार? तोवर अख्ख्या महाराष्ट्रानं रीलच्या त्या आवाजावर नाचून घेतलेलं असतं.

दौंडला स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली आहे. आधी तिथं मी पार्लर चालवायचे. पार्लरची रील्स लोकांना आवडायला लागली तशी शेजारचा चष्मेवाला आला, मग मिसळवाला, मग ट्रॅक्टरचे शोरूमवाले. आता पार्लरची खुर्ची कोपऱ्यात धूळ खात पडलीय आणि मी दुसऱ्यांच्या दुकानांची रील्स बनवते. सकाळी डोळे उघडले की आधी फोन. कोणता आवाज वर चढतोय, कोणता उतरला, पुण्याच्या दुकानांनी त्यावर काय केलं. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर फोन बघत बसते, मजा आहे हिची. मजा! चहाचा घोटसुद्धा सुखानं घेता येत नाही, अशी मजा.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शिरूरचं, लग्नाच्या कपड्यांचं दुकान. शेठ तसे गोड स्वभावाचे. पण पुण्याच्या एखाद्या दुकानाचं रील आपल्या आधी आलं की तो गोडवा कुठं जातो कोण जाणे. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर त्यांचा सकाळी सकाळी फोन आला.

"ताई, ते अंतरपाटाचं बघितलं का?"

बघितलं होतं. मंगलाष्टकाला ढोलाचा ठेका लावलेला आवाज होता तो. अंतरपाटाआड साध्या पंजाबी ड्रेसमधली पोरगी उभी असते. "सावधान" झालं की अंतरपाट खाली पडतो आणि तीच पोरगी शालू, नथ, मुंडावळ्या असा सगळा साज लेवून समोर. नवरदेवाची नुसती पाठ दिसते आणि हार धरलेले हात.

"आजच चढवायचं," शेठ म्हणाले. "आज जमत नसंल तर तसं सांगा. पुण्याची रीलवाली पोरं तयारच हायत."

जमवते म्हटलं. पुण्याची एक मॉडेल जोडी ठरवली आणि शिरूरला जायला निघाले. मेकअपच्या मदतीला भाचीला घेतलं. ही माझ्या थोरल्या बहिणीची पोरगी. ताई आणि दाजी रेल्वे कॉलनीत राहतात, आणि ही पोरगी शाळा सुटली की सरळ माझ्या पार्लरमध्ये यायची. ताईनं जन्म दिला, पण वेण्या मी घातल्यात. गाडी चालवायला तिचा चुलतभाऊ होता, केडगावकडच्या गावातला. बैलगाडा शर्यतीचा भारी नाद. स्वतःच्या जेवणाचं विसरेल, पण बैलाच्या खुराकाचं नाही.

चौफुल्यावरून आम्ही न्हावऱ्याकडं वळलो आणि त्या मॉडेल जोडीचा फोन आला, दुसरं शूट मिळालं, येत नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी मागं वळून भाचीकडं बघितलं.

ही पोरगी दिसायला देखणी, पण म्हणून मी बघितलं असं नाही. दुसरं कुणी नव्हतंच. आणि तिच्याकडं बघताना एक गोष्ट माझ्या डोक्यात आली होती, नाही असं नाही. पोरीची सुपारी नुकतीच फुटली होती. मुलगा कुरकुंभच्या कंपनीत कामाला, घर शिरूर तालुक्यातलं, घरात आई आणि चुलते. आधीची सगळी स्थळं या पोरीनं नाक मुरडून वाटेला लावली होती. हा मुलगा बघून गेला त्या दिवशी मात्र ती रिकामे कप तसेच हातात धरून कितीतरी वेळ ओट्यापाशी उभी राहिली. त्याची शिफ्ट सुटली की हिचा फोन वाजायचा आणि ही गच्चीवर पळायची. तर मनात आलं, सोयरीक ठरलेली पोर आहे, बघणारे काय म्हणतील? पण नुसतं नटून उभं राहायचंय, त्यात काय, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला.

दुकानात पोचल्यावर नवरदेवाचा प्रश्न आला. शेठची नजर गाडी लावून आत आलेल्या चुलतभावावर पडली. उंचापुरा, रुंद पाठ.

"हा काय वाईट हाय? पाठच तर दाखवायचीय."

"अहो, भाऊ आहे तो तिचा!"

"मग कुठं खरं लगीन लावायलाय आपुन?"

दोघंही हसले, शेठच्या विनोदाला हसतात तसं. त्याला फेटा बांधला, हातात हार दिला. त्याच्या मनगटावर त्याच्या शर्यतीच्या बैलाचं नाव गोंदलेलं होतं, चांगलं ठळक. मला ते दिसलं. पण म्हटलं, नवरी समोर असताना मनगट कोण बघतंय? बैलगाड्यांच्या नादी शिरूर तालुक्यात उभी राहून असं म्हणणारी मीच पहिली असेन.

अक्षता टाकून बघितल्या, तर तांदूळ कॅमेऱ्यात दिसेनात. मग खोक्यांतले थर्माकोलचे मणी काढले आणि साड्यांच्या काउंटरवरच्या बायकांनी ते ओंजळीनं उधळले. सगळं झकास, पण पोरीला हसू येईना. अंतरपाट पडला की ही टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे दात काढायची. मी ओरडले, परत केलं. परत तेच. बाहेर ऊन उतरायला लागलं, शेठ घड्याळ बघायला लागले. माझा आवाज इतका चढला की खरेदीला आलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, नवरीवर का वरडतीस?"

त्यानंतर पोरीनं जरा थांबा म्हणून हात केला. अंतरपाटाआड गेली. आवाज सुरू झाला, "सावधान" झालं, कापड खाली पडलं आणि तिनं मान वर केली. काय सांगू! त्या काउंटरवरच्या बायका मणी टाकायच्या विसरल्या. मी कॅमेऱ्यामागं होते, तरी अंगावर काटा आला.

"आत्तापर्यंत कुठं होतं गं हे?" मी म्हटलं.

"जमलं ना? मग झालं की," म्हणाली आणि नथ काढायला लागली.

रील शेठच्या फोनवरून त्यांच्या पेजवर चढवलं आणि आम्ही परत निघालो. दौंडला पोचेपर्यंत ते असं पळालं की शेठनी मला दर थोड्या वेळानं फोन करून नुसतं "ताई! ताई!" म्हणायला सुरुवात केली. मीही खूश होते. का नसावं? पुण्याच्या पोरांच्या नाकावर टिच्चून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"काय करून ठेवलंस तू? फोन उघडून बघ."

बघितलं. शर्यतीवाल्यांच्या एका पेजनं ते रील उचललं होतं. वर बैलाचं नाव, आणि खाली लिहिलेलं, मालकाचं लगीन झालं, हार्दिक शुभेच्छा. त्याखाली शुभेच्छांचा पाऊस. पहिला नंबर मारणारा बैल होता तो, त्याचं नाव पाठ असलेली माणसं गावोगावी. मनगट सगळ्यांनी ओळखलं. मग त्या चुलतभावाच्याच गावच्या कुणीतरी खाली लिहिलं, आरं येड्यांनो, ती चुलतबहीण हाय त्याची. झालं! त्यानंतर जे काय लिहिलं होतं लोकांनी, ते वाचून मी फोन पालथा ठेवला. शिवी कशाला म्हणतात ते कळलं.

"मुलाच्या चुलत्यांचा फोन आला होता तिकडून," ताई म्हणाली. "उद्या येतो म्हनले. बसून बोलू म्हनले."

आमच्याकडं सोयरीक जोडायला येणारा माणूस नुसतं "येतो" म्हणतो. "बसून बोलू" म्हणणारा मोडायला येतो. ताई रडत होती, रडता रडता म्हणाली, "आग लाव तुझ्या त्या फोनला." मागून पोरीचा आवाज येत नव्हता. मी विचारलं, कुठं आहे ती? तर गच्चीवर. काल संध्याकाळपासून त्याचा फोन आला नव्हता.

मिळेल ती एसटी धरून मी शिरूर गाठलं. शेठ गादीवर बसून माझीच वाट बघत असल्यासारखे हसले. मी सांगितलं, रील काढा. त्यांचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

"ताई, चालत्या बैलाला कोन थांबवतं का? आजचा दिवस जाऊ द्या."

"पोरीची सोयरीक मोडतीय शेठ."

"लोकं इसरत्यात दोन दिसांत. तुम्हीच म्हनता ना, नासतं म्हणून?"

माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं माणसानं! माझं टाळकंच सटकलं. समोर एक अख्खं कुटुंब बस्त्याला बसलं होतं, साड्यांचा ढीग पडलेला. मी चप्पल काढून त्यांच्यात जाऊन बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "मावशी, इथं बस्ता बांधण्याआधी ऐकून घ्या, या दुकानानं काल भावाबहिणीत अंतरपाट धरला." शेठ गादीवरून असे उठले की गल्ल्याला धडकले. माझ्यादेखत रील काढलं. वर म्हणाले, "आता आपलं काम संपलं ताई." म्हटलं, संपू द्या.

पण ते निघालं ते फक्त दुकानाच्या पेजवरून. परतीच्या वाटेवर एसटीत बसून मी एकेका शर्यतीवाल्याला हात जोडून निरोप लिहीत होते. एकानं काढलं. एकानं हसणारं तोंड पाठवलं. बाकीच्यांनी वाचलंसुद्धा नाही. आणि स्टेटस? लोकांच्या फोनवरचे स्टेटस कोण मोजणार? माझ्या शेजारच्या सीटवर एक बाई नातवाला मांडीवर घेऊन तेच रील दाखवत होती. "बग, नवरी कशी हसतीया," असं म्हणत होती. मी खिडकीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी मुलाचे चुलते आणि आई आले. मुलाला वडील नाहीत, त्यामुळं बोलणी चुलत्यांच्याच हातात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. गावातल्या सोसायटीत मोठं नाव, पांढरेशुभ्र कपडे. ताईनं पाणी पुढं केलं, त्यांनी नुसता हात लावून ठेवून दिलं. ताईनं तांब्या तसाच उचलून आत नेला. पोरगी आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं, पण लागलेलं नव्हतं.

"आम्ही काय जुन्या वळणाची मानसं न्हाई," आप्पा म्हणाले. "आमच्या बी पोरी रील करत्यात. पर मुंडावळ्या बांधल्या, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. आन् समोर कोन, तर भाऊ! गावात मला चार लोकांत बसावं लागतं. लोकं तोंडावर इचारत्यात."

दाजी खाली मान घालून बसले होते. आयुष्यभर रेल्वेत काम केलेला माणूस, आवाज चढवणं माहीत नाही. म्हणून मीच पुढं झाले.

"आप्पा, अक्षता नव्हत्या त्या. थर्माकोल होतं. भटजी नव्हता. मंगलाष्टक फोनमधलं होतं."

"फोनमधल्या मंगलाष्टकानं लगीन लागत न्हाई म्हनता?" आप्पा म्हणाले. "आमच्या गावात मागं भटजी आला न्हाई, तवा फोनवरच लावलं की. त्यास्नी आता लेकरू झालं."

कप्पाळ! हसावं का रडावं कळेना. आप्पा पुढं बोलतच राहिले, भावकी, पावणेरावळे, इज्जत. मला वाटलं, झालं, आता हे उठणार आणि "आमचं काही म्हणणं नाही" असं म्हणून चपला घालणार.

"भावजी, थांबा जरा," मुलाची आई म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदाच तिनं तोंड उघडलं. "मला पोरीसंगं बोलायचंय."

पोरगी बाहेर आली. डोळे सुजलेले. डोक्यावरून ओढणी घेतलेली, उभी राहिली भिंतीला टेकून.

"त्यो भाऊ हाय, ते म्हाईत हाय मला," ती बाई म्हणाली. "बैलाचं नाव बी वाचलं. मला त्याचं काय बी न्हाई. पर तू हसलीस कशी, तेवढं सांग. बाईमानूस तसं उगीच हसत न्हाई."

बाहेर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती. पोरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मावशी वरडत होती," ती होणाऱ्या सासूला म्हणाली. "मला हसूच येईना, आत्या. मग मी डोळं मिटलं आन् मनात म्हनलं, पल्याड हे उभं हायत."

हे. एवढंच म्हणाली. नवऱ्याला बायका "हे" म्हणतात ते, अजून लग्नही न लागलेल्या पोरीनं बापासमोर, आप्पांसमोर म्हटलं आणि तिचे कान लाल झाले. ताईनं पदर तोंडाला लावला. आप्पा छताकडं बघायला लागले. मला तर जमिनीनं गिळावं असं झालं. ते हसू बघून मी तिला "कुठं होतं गं हे" म्हटलं होतं, आणि नंतर ते शालूच्या किमतीखाली चिकटवलं होतं.

मुलाची आई माझ्याकडं वळली.

"मंग ते हसू माझ्या लेकाचं हाय," ती म्हणाली. "पुसून टाका ते."

"टाकते" म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. ताई माझ्याकडं डोळ्यांनी विनवत होती, हो म्हण. पण त्याच सकाळी मी बघितलं होतं, कुठल्यातरी लांबच्या गावच्या सराफानं पोरीचा नुसता चेहरा कापून आपल्या जाहिरातीत लावला होता. आज हो म्हटलं आणि उद्या या बाईच्या फोनवर ते आलं, तर पोरीनं त्या घरात नांदायचं कसं?

"दुकानाचं पुसलंय," मी म्हटलं. "बाकीचं माझ्या हातात नाही विहीणबाई. कुणाकुणाच्या फोनमध्ये गेलंय ते मलाही माहीत नाही."

"तुमच्याच हातानं केलं, आन् तुमच्या हातात न्हाई?"

"नाही."

तिनं मान हलवली, रागानं नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. "म्हंजी आता लग्नात ही हसली तर लोकं म्हनणार, रीलात हसली तशीच हसली. आन् न्हाई हसली तर म्हनणार, तिथं हसली, हितं का न्हाई?"

तेवढ्यात आप्पांना काहीतरी सुचलं. "मी म्हनतो, आपल्याच पोराला उभं करून दुसरं रील करू. माझ्या पेजवर टाकू, म्हंजी लोकांची तोंडं—"

"गप बसा भावजी," ती म्हणाली. "लगीन व्हईल. माझा लेक बी मोडू द्यायचा न्हाई. पर रील बील पुरे झालं." आणि उठली.

लग्न मुलाच्या गावाला झालं. ताईनं मला आधीच बजावलं होतं, मांडवात तुझा फोन दिसला तर बघ. मी फोन घरीच ठेवून गेले. पण माझ्या एकटीच्या फोनानं काय होतंय? मंगलाष्टकं सुरू झाली आणि सगळा मांडव उभा राहिला, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात मोबाइल. "रीलवाली नवरी हाय ही," माझ्या मागची बाई दुसरीला सांगत होती, "आता बघ, पडदा पडला की कशी हसती." व्हिडिओवाला स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसला होता, दुकानात मी बसले होते अगदी त्याच कोनात. कुठून धरलं की चेहरा पूर्ण येतो ते त्यालाही बरोबर कळलं होतं.

पोरीची मान खाली होती, हनुवटी छातीला टेकलेली. प्रत्येक कडव्याला मोबाइल आणखी वर चढत होते. माझ्या हातातल्या अक्षता घामानं चिकटून गेल्या. मला ओरडावंसं वाटलं, खाली करा ते! पण मी कोणत्या तोंडानं ओरडणार?

शेवटचं "सावधान" झालं. भटजींनी अंतरपाट ओढला, आणि नवऱ्या मुलानं तो पकडला. दोन्ही हातांनी घट्ट. त्याच्या हातातला हार खाली पडला की कुणी धरला, मला कळलं नाही. त्यानं ते कापड आडवं वळवलं, मोबाइलांच्या बाजूनं, आणि पोरीच्या तोंडासमोर वर धरलं. "अहो सोडा, सोडा की, मुहूर्त झाला!" भटजी ओरडले. व्हिडिओवाला पलीकडं पळाला, तर यानं कापड तिकडं फिरवलं. "दिसंना झालं की काय बी!" मागची बाई म्हणाली. लोक हसायला लागले, शिट्ट्या वाजल्या, आप्पा "अरे काय हे" म्हणत पुढं सरकले. मुलाची आई मात्र जागची हलली नाही. तिनं हातातल्या अक्षता त्या कापडावरून पलीकडं टाकल्या.

मग त्यानं अंतरपाट भटजींच्या हातात दिला. पोरीची मान परत खाली होती. तिनं हार घातला, त्यानं घातला, वाजंत्री सुरू झाली.

त्या कापडाआड ती हसली का नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही.